हजेरीपटावरची बाई

आधी एक सांगून टाकते, म्हणजे पुढचं सांगताना माझी चिडचिड होणार नाही. मी बरोबर होते. ग्रामसभेत मी जे वाचून दाखवलं ते अक्षरन् अक्षर सरकारच्या संकेतस्थळावर होतं आणि आजही आहे. कुणी म्हणालं की तू वाचण्यात चुकलीस, तर मी अजूनही भांडायला तयार आहे. पण तसं कुणी म्हणत नाही, आणि तेच मला झोंबतं.

जव्हारला एस.टी. स्टँडजवळ माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. दोन संगणक, एक प्रिंटर, एक लॅमिनेशनचं मशीन, आणि नेट गेलं की बोलणी खायला मी. नवरा मोखाडा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे. माझं माहेर वावर-वांगणीच्या बाजूला, जीपने दीड तास आणि मग थोडं पायी. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथं मला अजून जायचं असतं.

मी लहान होते तेव्हा, वावरकडची बाळं कुपोषणाने दगावली त्या वर्षी, आमच्या पाड्यावर सरकारी गाड्या यायच्या. माणसं उतरायची, विचारायची, वहीत लिहायची आणि वही बगलेत मारून निघून जायची. आमच्याबद्दल काय लिहिलं ते कुणी दाखवत नसे. मी एकदा टाचा उंचावून वहीत डोकावले, तर एका साहेबाने ती छातीशी धरली. त्या वहीचा राग माझ्या डोक्यात फार वर्षं राहिला असावा. कारण रोजगार हमीचं संकेतस्थळ पहिल्यांदा उघडलं, तेव्हा मला अगदी सूड उगवल्यासारखं वाटलं.

झालं असं, की एक गिऱ्हाईक मजुरी का आली नाही म्हणून विचारायला आलं. शोधता शोधता मी जिल्ह्यावरून तालुक्यावर, तालुक्यावरून ग्रामपंचायतीवर उतरले आणि पाहते तो काय, सगळं उघडं. कोणतं काम, किती खर्च, कामावर कोण होतं, कुणाच्या खात्यात काय गेलं. पासवर्ड नाही, ओटीपी नाही. माझ्या सासूबाईंच्या पिठाच्या डब्यालाही झाकण आहे, सरकारच्या या हिशेबाला नव्हतं. त्या दिवशी मी त्या माणसाकडून प्रिंटचे पैसेसुद्धा घेतले नाहीत.

मग मला नादच लागला. दुपारी जीपा परत गेल्या की स्टँडवर शुकशुकाट होतो. त्या वेळात मी एकेक गाव उघडून बसायचे. लोक टीव्हीवर मालिका बघतात तशी मी हजेरीपट बघत असे. नवरा म्हणायचा, "तू चुकून इकडे आलीस, तुला लाचलुचपतवाल्यांनीच घ्यायला हवं होतं." मी हसायचे, पण मनातून शेफारले होते. दोनदा माझ्या प्रिंटमुळे लोकांची अडकलेली मजुरी सुटली होती. नंतर तर लोक दुकानात शिरताना मला "मॅडम" म्हणायला लागले, आणि मीही ऐकून घ्यायला लागले.

एप्रिलमध्ये मी माझ्या माहेरचं पान उघडलं आणि दोन गोष्टी हाती लागल्या.

पहिली म्हणजे भिंत. शाळेमागच्या ओहोळाला संरक्षक भिंत बांधून पूर्ण झाली, असं ग्रामपंचायतीच्या खर्चाच्या पानावर होतं. पुढे जी रक्कम होती ती बघून मी चष्मा पुसला. त्या ओहोळावर मी लहानपणी खेकडे धरले आहेत. तिथं रचलेल्या दगडांची एक ओळ होती आणि तीही गुरांनी अर्धी पाडलेली.

दुसरी गोष्ट छोटी होती. डोंगरउताराची जमीन सपाट करून, बांध घालून भाताची खाचरं करतात, त्या मजगीच्या कामाचा हजेरीपट होता. त्यात एक नाव माझ्या शेजारच्या वहिनीचं. सहा आठवडे हजर. आणि ही वहिनी दिवाळीनंतर नवऱ्याबरोबर भिवंडीकडे वीटभट्टीवर गेली होती. मला हे पक्कं माहीत होतं, कारण फेब्रुवारीत तिने भट्टीवरूनच मला फोन केला होता, मुलाच्या जन्मदाखल्यासाठी. ज्या आठवड्यात ती माझ्याशी भिवंडीहून बोलली, त्याच आठवड्यात ती आमच्या डोंगरावर माती उचलत होती म्हणे. मला सरकारी वही छातीशी धरणारा तो साहेब आठवला. मी प्रिंट काढली आणि वहिनीच्या नावावर पिवळं मार्कर फिरवलं.

एक मेची ग्रामसभा होती. आदल्या दिवशी मी तक्रारीच्या संकेतस्थळावर हजेरीपटाची तक्रार भरूनसुद्धा टाकली. घाई एवढ्यासाठी, की गावात गेले की कुणी काका-मामा गोड बोलून मला गप्प करणार हे मला ठाऊक होतं. स्वतःला बांधून घ्यायचं म्हणून मी बटण दाबलं. भिंतीची तक्रार नंतर करू म्हटलं. तिचा फोटो हवा होता, तो सभा झाल्यावर काढता आला असता.

सकाळी गावात पोचले तर शेजारची काकी अंगणात वाट बघत उभी. ही आमची सख्खी काकी नाही, पण तिच्या हातची भाकरी मी आईच्या भाकरीइतकीच खाल्ली आहे. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, घर वहिनीच्या घराला लागून. डावा हात कोपरात किंचित वाकडा, लहानपणी झाडावरून पडल्याचा. तिने पानाच्या द्रोणात करवंदं ठेवली होती. "खा बाय, तुझ्यासाठीच राखलीय," म्हणाली. मी खात खात सभेला गेले. जिभेवर करवंदाचा चीक आणि हातात फाइल.

सभा समाजमंदिरात होती. मी भिंत आधी घेतली असती तर आज हे लिहायची वेळ आली नसती. पण मला वाटलं, लहानापासून सुरुवात करावी, लोकांना धीर येईल, मग मोठ्यावर जावं. मी उभी राहिले आणि हजेरीपट वाचला. तारखा वाचल्या. वहिनीचं नाव वाचलं. मग सगळ्यांकडे बघून विचारलं, "ही भिवंडीला आहे हे तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. मग सहा आठवडे इथं कोण हजर होतं?"

एकही माणूस बोलला नाही.

ती शांतता मला आवडली, हे मी कबूल करते. मला वाटलं, चोर पकडला गेला की अशीच शांतता होते. आमचा रोजगारसेवक, म्हणजे कामावरच्या मजुरांची हजेरी फोनवर फोटो काढून भरणारा माणूस, गावातलाच, माझ्या बरोबरीचा. त्याचा चेहरा मातीसारखा झाला होता. ग्रामपंचायतीचा खर्च ज्याच्या सहीने होतो, तो ग्रामसेवक मात्र खुर्चीत नीट सावरून बसला. "मॅडमचा मुद्दा फार गंभीर आहे," तो म्हणाला, "आज यावरच चर्चा होऊ द्या." मला तेव्हाच कळायला हवं होतं, की ज्याच्यावर माझा खरा रोख आहे तो माणूस माझ्या बाजूने बोलतोय म्हणजे माझंच काहीतरी चुकतंय. पण मी नुसती फुगले.

"बस आथा, बाय," मागून एक म्हातारा म्हणाला. "नाव वाचून काय होतं."

"नाव वाचूनच होतं सगळं," मी म्हटलं. "मी तक्रारसुद्धा केली आहे. ऑनलाइन."

हा शब्द ऐकल्यावर बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. काकी दाराशी बसली होती. तिला यातलं काय कळलं कोण जाणे, ती माझ्याकडे कौतुकाने बघत होती. एवढ्या माणसांत उभी राहून बोलणारी पोरगी तिच्या अंगणात वाढली होती. सभा त्याच विषयावर ओढत नेली गेली आणि भिंतीचा कागद फाइलमध्येच राहिला. वेळ संपला म्हणून ग्रामसेवकाने सगळ्यांच्या सह्या घेतल्या.

घरी आईने मला पाणीसुद्धा विचारलं नाही. चुलीपुढे बसून ती काटक्या मोडत होती. माझी आई चिडली की आधी काटक्या मोडते.

"कोनाचा नाव वाचलास, ता समजला तुला?"

"वहिनीचं."

"वहिनीच्या जागी कोण जायचा कामावं?"

मी म्हटलं, तेच तर मी विचारत होते.

"काकी," आई म्हणाली. "सहा हप्ते काकीनी माती वाहिली. आन तू चार मान्सांत उभी राहून तिला चोर केलास."

आई पुढे बोलत राहिली. काकीचं जॉबकार्ड, म्हणजे रोजगार हमीवर काम मागायचं कार्ड, वर्षभरापूर्वी यादीतून उडालं होतं. कार्ड नाही तर नाव चढत नाही, नाव नाही तर काम नाही. तरी ती रोज सकाळी घमेलं घेऊन कामावर यायची आणि कडेला बसून राहायची. शेवटी वहिनीनेच भट्टीवरून फोन करून सांगितलं, की माझ्या नावावर काकीला घ्या. मजुरी वहिनीच्या खात्यात गेली. होळीला ती दोन दिवस आली, तेव्हा अंगठा लावून पैसे काढले आणि सगळेच्या सगळे काकीच्या हातावर ठेवले.

मला सगळ्यात लाज याची वाटते, की हे मला सांगावं लागलं. आमच्याकडे आवणीला, म्हणजे भाताची रोपं चिखलात लावायच्या दिवसांत, घरटी एक माणूस एकमेकांच्या शेतावर जातो. आज सगळे आमच्याकडे, उद्या त्यांच्याकडे. कोण आलं हे कुणी मोजत नाही, कुणाच्या घरचं आलं एवढंच बघतात. आईला ताप होता तेव्हा मी गेले आहे. मला परीक्षा होती तेव्हा हीच काकी आमच्या घरची म्हणून उभी राहिली आहे, वाकडा हात घेऊन, दिवसभर कंबरेत वाकून. एकाच्या जागी दुसऱ्याने उभं राहणं हा आमच्या गावात गुन्हा कधीच नव्हता. तिथं वाढलेल्या मला ते पडद्यासमोर बसून आठवलं नाही. मी हजेरीपट साहेबासारखा वाचला.

रोजगारसेवक संध्याकाळी भेटायला आला. भांडायला आला असता तर बरं झालं असतं. "ताई," तो म्हणाला, "तिचं कार्ड परत चालू करा म्हणून मी दोनदा कागद दिला. दोनदा परत आला. म्हातारी रोज येऊन बसायची, मला बघवेना. चूक माझीच. पण तक्रार मागं घेता येईल का?"

दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्याबरोबर मी तेच बघितलं. तक्रार भरायला बटण होतं, मागे घ्यायला कुठेच सापडेना. माझ्या नावापुढे हिरव्या अक्षरांत 'चौकशीसाठी वर्ग' असं आलं होतं. पंचायत समितीत गेले तर टेबलावरच्या बाई हसल्या. "एरवी तुम्हीच येऊन विचारता, माझ्या तक्रारीचं काय झालं. आता झालंय तर नको म्हणता? तारीखसुद्धा पडली."

परत येऊन मी संकेतस्थळावर आधीच बघायला हवं होतं ते बघितलं. हजेरीपटाला फोटो जोडलेले असतात, सकाळचा आणि दुपारचा. मी ते उघडलेच नव्हते, नावांवरच खूश होते. पहिल्या फोटोत डोंगराच्या उतारावर माणसं ओळीने उभी होती, उन्हामुळे डोळे बारीक केलेली. टोकाला एक बाई, पदर डोक्यावर, घमेलं डाव्या हातात. हात कोपरात वाकडा. सहा आठवड्यांचे सगळे फोटो मी बघितले. ती एकही दिवस चुकली नव्हती.

मग मी रद्द झालेल्या कार्डांची यादी काढली. तीही उघडीच होती, कुणीही बघावी. काकीचं नाव सापडलं. नावापुढे कार्ड रद्द करण्याचं कारण लिहायचा रकाना होता. त्यात होतं: 'काम करण्यास इच्छुक नाही.'

मी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि रडले. रागाने रडले. वहीत डोकावू न देणाऱ्या साहेबावर एके काळी रागावले होते. आता वही माझ्यासमोर उघडी होती, आणि तिच्यात असं लिहिलेलं होतं.

चौकशीला बारा दिवस होते. ते दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. प्रिंटरची खरखर झाली तरी दचकायचे. काकीला काही सांगायचं नाही, असं आईने बजावलं होतं. ऐकलं तर हाय खाईल, म्हणाली. गावाने आपसांत ठरवून टाकलं, की साहेब फोटो दाखवील तेव्हा सगळ्यांनी एकच सांगायचं, फोटो धुरकट आहे, ओळखू येत नाही. माझ्याशी कुणी नीट बोलत नव्हतं, पण हा निरोप मात्र मला तीन जणांकडून आला. तक्रार करणारी मी, तेव्हा मलाही विचारणारच. मी मनात घोकून ठेवलं, ओळखू येत नाही. खरं बोलण्याची एवढी घमेंड असलेली बाई मी, आणि बसल्या जागी खोटं बोलायचा सराव करत होते.

काकीला त्या दिवशी गावाबाहेर ठेवायचं होतं. तिची बहीण दाभोश्याला असते. आईने सकाळीच तिला करांद्यांची, म्हणजे रानातल्या कंदांची, पिशवी देऊन फाट्यावर जीपला पाठवलं.

चौकशी शाळेच्या व्हरांड्यात झाली. सुट्टी होती, पत्र्याखाली भट्टी पेटल्यासारखं तापत होतं. चौकशीला आलेले साहेब वाईट नव्हते. घामाघूम झाले होते, पाणी मागून प्यायले, बायकांना सावलीत बसा म्हणाले. मग एकेकाला पुढे बोलावून फोनवरचा फोटो दाखवायला लागले. बोटांनी मोठा करून टोकाच्या बाईवर न्यायचे.

"ही कोण?"

"नाय वळखू येत, साहेब."

"ही?"

"धुरकट हाय."

असे सात-आठ जण झाले. माझी आई पुढे गेली, फोटोकडे न बघताच म्हणाली, "मना डोल्यांना दिसत नाय." रोजगारसेवक खाली मान घालून उभा होता. साहेबांनी सुस्कारा टाकला आणि माझ्याकडे वळले.

"मॅडम, तुम्ही गावच्याच. तुम्ही सांगा. ही बाई तुमच्या तक्रारीतली नाही, हे उघड आहे. मग कोण?"

मी फोन हातात घेतला. तोंड उघडलं. तेवढ्यात मागून गर्दीत हालचाल झाली.

आमच्याकडच्या जीपा भरल्याशिवाय सुटत नाहीत. सगळं गाव चौकशीला जमलेलं, मग फाट्यावर जाणार कोण? काकी दोन तास रिकाम्या जीपमध्ये बसली आणि कंटाळून पिशवीसकट परत आली. शाळेत एवढी माणसं बघून सरळ व्हरांड्यात शिरली. माझ्या हातातल्या फोनकडे तिचं लक्ष गेलं. वाकून जवळ आली, डोळे बारीक केले, आणि तिचा चेहरा खुलला.

"आगं, ही तं मी!"

मी फोन उलटा केला. उशीर झाला होता.

"आजी, नीट बघून सांगा," साहेब म्हणाले.

"नीट काय बघाचा? हा माझा हात, हा माझा घमेला. मजगीवं होतू मी. सहा हप्ते." तिने आजूबाजूला बघितलं, कुणी काही बोलत का नाही म्हणून. मग साहेबांकडे वळून म्हणाली, "मीच केलाय काम. लिवा माझा नाव."

तिला वाटलं, अखेर कुणीतरी विचारतंय की काम कुणी केलं. वर्षभर कडेला बसवल्यावर सरकार स्वतः दारी आलंय.

साहेबांनी लिहिलं. दुसऱ्याच्या नावे हजेरी लावून मजुरी घेतल्याचं मान्य, असं. वाचून दाखवलं तेव्हा सरकारी मराठी काकीच्या डोक्यावरून गेली. तिने शाईच्या पॅडवर अंगठा नीट दाबला आणि कागदावर उमटवला. पुसट येऊ नये म्हणून क्षणभर दाबून धरला.

मग मात्र माझा तोल सुटला. मी साहेबांवर ओरडले. काम झालंय, बांध तिथं उभे आहेत, चढून बघा म्हटलं. ओहोळाची भिंत नाहीच, तो ओहोळ बघा म्हटलं, इथून शंभर पावलांवर आहे. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. "भिंतीचा वेगळा अर्ज करा," ते म्हणाले. "आणि मॅडम, ही तक्रार तुमचीच आहे."

ग्रामसेवक जरा लांब उभा होता. त्याने माझ्यासाठी पाण्याचा ग्लास पुढे केला. मी तो घेतला नाही, एवढंच मला त्या दिवसाबद्दल बरं आठवतं.

रोजगारसेवकाचं काम गेलं. सहा आठवड्यांची मजुरी परत भरायची नोटीस आली. ती मी भरणार होते. पैसे घेऊन काकीकडे गेले, तिच्या पायाशी बसले, सगळं सांगितलं, माफी मागितली. ती म्हणाली, "काम मी केलाय, पैसं मी खाल्लंय, तं भरीन पन मीच. तू मदी नको येऊ." तिने कोंबड्या विकल्या, उरलेल्यासाठी शेळी विकली. पैसे पंचायतीत नेऊन भरले आणि पावती चौकोनी घडी करून डब्यात ठेवली. डोंगरावरचे बांध आहेत तिथेच आहेत. यंदा त्या खाचरांत भात लागेल. काकीने ते काम फुकट तर केलंच, वर त्यात कोंबड्या आणि शेळी घातली.

भिंतीचा अर्ज मी केला आहे. त्याच्यापुढेही हिरव्या अक्षरांत काहीबाही येत असतं. काकीच्या कार्डाचाही अर्ज केला आहे. ते 'प्रलंबित' दाखवतं.

आवणीच्या थोडं आधी काकी माझ्या दुकानात आली. पहिल्यांदाच. जीपमधून उतरून विचारत विचारत आली होती. मी खुर्ची दिली, ती फरशीवर बसली. पदराच्या गाठीतून तिने दहाची नोट काढली आणि टेबलावर ठेवली.

"तो फोटो काढून दे मना," म्हणाली. "माझा एक पन नाय घरात."

मी पान उघडलं आणि प्रिंट काढली. वर फोटो, खाली हजेरीपटाची नावं, एकाखाली एक. काकीने कागद दोन्ही हातांनी धरला. फोटोतल्या स्वतःकडे खूप वेळ बघितलं. मग खालच्या नावांवर आली. तिला वाचता येत नाही.

"आथा चढवला आसंल ना माझा नाव? अंगठा दिला ना मी तेव्हा." तिने कागद माझ्यापुढे सरकवला. "यातला कंचा माझा?"

नावं बारा होती. मी वहिनीच्या नावावर बोट ठेवलं.

"हे," मी म्हटलं.

काकीने माझं बोट हळूच बाजूला केलं आणि तिथं आपलं बोट ठेवलं.